काळी पट्टी, पांढरी पट्टी

भोवऱ्याच्या हातून एकदा तार सुटली आणि तिच्यात मांजर गुंडाळलं गेलं. ही हकीकत मी इतक्यांना सांगितली आहे की एव्हाना ती खरी झाली असणार. तांब्याची तार, केसाहून बारीक, तिरपा उजेड पडला तरच दिसणारी. मांजर सुटायला म्हणून जितकं गरगर फिरे तितकी ती त्याच्या पोटाला बसे. शेवटी ते बिचारं दमून लोहचुंबकांच्या पेटीवर जाऊन झोपलं. तेव्हापासून ते घुरघुरलं की खोलीतल्या स्पीकरमधून वाघासारखा आवाज यायचा. लोक म्हणतात, थापा मारतो. मारतो की! पण तार, चुंबक आणि थरथरणारी वस्तू एवढ्या तिघांतून आवाज निघतो, हे त्यातलं खरं आहे. आणि भोवऱ्याचं घर त्यावरच चाललं होतं.

भोवरा माझा शेजारी. त्याचं पाळण्यातलं नाव भलतंच भारदस्त होतं, पण दिवसभर चाक फिरवणाऱ्या माणसाला भारदस्त नावाने हाक कोण मारणार? मी खुर्च्यांच्या बैठकी विणतो. दोघांचंही काम बसल्या जागचं, म्हणजे तोंड मोकळं. माझ्या थापा आणि त्याच्या थापा यांच्यामध्ये एक भिंत होती, तीही पातळ.

तो आणि त्याची बायको इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप बनवत. गिटारच्या तारांखाली एक आडवी पट्टी बसवलेली असते, ती पिकअप. तिच्या पोटात चुंबक, आणि चुंबकाभोवती त्या बारीक तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की चुंबकाचा जोर हलतो, तो हलला की वेटोळ्यात वीज उठते, आणि ती विजेची थरथर स्पीकरपर्यंत जाऊन पुन्हा आवाज होते. गिटारला नायलॉनची तार लावलीत तर कितीही बडवा, पिकअप ढिम्म हलणार नाही. चुंबकाशी तिची ओळखच नसते.

"तार एकच असते रे," भोवरा गिऱ्हाइकाला सांगायचा, "तिला ऐकतो कोण आणि कुठून, त्यावर सगळं आहे. वेढे वाढव, आवाज अंगाने भरेल, पण धार जाईल. कमी कर, काच तडकल्यासारखा लखलखीत. पिकअप घोडीजवळ, तारा टेकतात तिथे, बसवलास तर तीच तार भांडखोर होते, मानेकडे सरकवलास तर लाडात येते. माझ्या बायकोचंही तसंच आहे. स्वयंपाकघराच्या दारातून वेगळी, खिडकीतून वेगळी."

"आणि तुम्ही कुठूनही सारखेच," आतून उत्तर यायचं. "नुसती घूंघूं."

ही घूंघूं म्हणजे त्या धंद्याचं जुनं दुखणं. एकट्या वेटोळ्याला गिटारची तार ऐकू येते तशीच घरातली ट्यूबलाइट, फ्रिज, शेजारचा पंखा, सगळंच ऐकू येतं, आणि स्पीकरमध्ये ते भुंग्यासारखं घोंगावत राहतं. त्यावरचा उपाय म्हणजे वेटोळ्यांची जोडी. दोन वेटोळी शेजारी शेजारी. एकाचे वेढे सुलटे, दुसऱ्याचे उलटे, आणि एकाचा चुंबक वर तोंड केलेला, दुसऱ्याचा खाली. बाहेरची घूंघूं दोघांकडे सारखीच येते; एक तिला सरळ पुढे पाठवतो, दुसरा उलटी करून, आणि दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. गिटारची तार मात्र दुसऱ्या वेटोळ्यात दोनदा उलटते, एकदा चुंबकामुळे आणि एकदा वेढ्यांमुळे, म्हणजे सुलटीच बाहेर पडते. गोंगाट मरतो, गाणं दुप्पट होतं. त्या दोघांची जोडी इतकी शांत असायची की एक गिऱ्हाईक आवाज वाढवणारा अॅम्प बंदच आहे असं समजून गिटार तिथेच ठेवून घरी निघून गेलं.

आता दुसरे लोक असली जोडी हिशेबाने बनवतात. ही दोघं बनवत ती हातांच्या सवयीने. त्यांचं यंत्र म्हणजे जुन्या शिलाई मशीनचं धूड. खाली पायडल, उजव्या बाजूला चाक, सुईच्या जागी फिरणारी दांडी. चाक कुठल्या दिशेने फिरत राहणार हे त्याला दिलेल्या पहिल्या झटक्यावर ठरतं. भोवरा उजवा. तो बसल्या बसल्या चाक उजव्या हाताने पुढे ढकलायचा. वहिनी डावखुरी. ती डावा हात आडवा नेऊन चाक स्वतःकडे ओढायची. म्हणून त्याचं वेटोळं नेहमी सुलटं आणि तिचं नेहमी उलटं. त्याच्या वेटोळ्यावर काळी पट्टी चिकटवायची, तिच्या वेटोळ्यावर पांढरी. मग वहिनी सोल्डरगन घेऊन डाख द्यायची. प्रत्येक वेटोळ्याला तारेची दोन टोकं, एक पोटातलं, एक वरचं. काळ्याचं वरचं टोक पांढऱ्याच्या पोटातल्या टोकाला, की झालं. का, ते भोवऱ्याला माहीत. कसं, ते दोघांना. लग्नापासून हेच चाललेलं, त्यामुळे विचार करायची वेळ कधी आलीच नव्हती.

मग एका सकाळी दाढीचा साबण गालावर तसाच असताना भोवऱ्याची उजवी बाजू गेली. हात गेला, पाय गेला, आणि बोलणंही गेलं. मागे एकच शब्द उरला. "हां."

"चहा देऊ?"

"हां."

"की नको?"

"हां."

"अरे भोवऱ्या, तू गाढव आहेस का?" मी विचारलं.

"हां."

आधी आम्ही हसलो. नंतर हसणं बंद झालं. सगळ्यालाच हां म्हणणाऱ्या माणसाला विचारायचं तरी काय? हळूहळू त्याला कोणी काही विचारेनासं झालं. त्याच्यासमोर माणसं अशी बोलायला लागली जशी कपाटासमोर बोलतात.

मी त्याला एक खुर्ची विणून दिली, उजवीकडे उंच हात असलेली, म्हणजे तो त्या बाजूला कलंडू नये. रोज दुपारी जाऊन समोर बसायचो आणि ठेवणीतल्या थापा सांगायचो. मांजराची सांगितली तेव्हा त्याच्या अर्ध्या तोंडावर काहीतरी हललं. मी वहिनीला म्हटलं, "हसला बघा!" ती म्हणाली, "भाऊजी, लाळ गळते तेव्हाही तसंच दिसतं."

तिला दोष देत नाही. त्याला उचलता उचलता तिची कंबर धरली होती. एका दुपारी त्याला पलंगावरून खुर्चीत आणताना तो अर्ध्यावर निसटला, मी धावलो, आम्ही दोघांनी मिळून त्याला कसंबसं बसवलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली. श्वास लागला होता. खिडकीकडे बघत माझ्याशी बोलली.

"त्या सकाळीच सुटले असते ना, तर बरं झालं असतं. त्यांचंही आणि माझंही."

"हां," खुर्चीतून भोवरा म्हणाला.

वहिनीने त्याच्या खांद्यावरचा टॉवेल सारखा केला आणि आत जाऊन भांडी घासायला लागली.

त्यांची लेक दुसऱ्या गावी राहायची. गिटार वाजवायची, शिकवायचीही. झोपाळ्याऐवजी त्या मशीनच्या पायडलवर बसून मोठी झालेली पोर, पण पिकअपच्या पोटात काय आहे याच्याशी तिला काडीचं देणंघेणं नव्हतं. आईची कंबर गेली असं कळल्यावर ती आली, दोन दिवस बघितलं, आणि तिसऱ्या दिवशी चहा पिताना बोलली.

"आई, मी एक जागा बघून आलेय. अशा माणसांसाठीच आहे. नर्स असते, उचलायला माणसं असतात. एक खाट रिकामी होतेय. सोमवारी त्यांना हो की नाही सांगायचंय."

"अशा माणसांसाठी म्हणजे?"

"ज्यांना कळत नाही, त्यांच्यासाठी."

"यांना कळतं."

"बाबा," लेक वळली, "तुम्ही त्या घरी जाल?"

"हां."

"नाही जाणार?"

"हां."

तिने आईकडे बघितलं. डोळे भरले होते तिचे. पोर दुष्ट नव्हती. "तू पडलीस तर दोघांना कोण बघणार? काका, तुम्ही तरी सांगा हिला."

"मी खुर्च्या विणतो," मी म्हटलं. "माणसं कुठे ठेवायची ते मला विचारू नकोस."

तेवढ्यात खडखड झाली. भोवऱ्याने चांगला पाय लांब करून मशीनचं पायडल दाबलं होतं. पुन्हा दाबलं. मग डाव्या हाताने रिकामी रिळाची चौकट उचलली, छातीशी धरली आणि लेकीच्या गिटारकडे बोट केलं.

वहिनीचा चेहराच पालटला. "तुझ्यासाठी जोडी बनवतो म्हणतायत."

"आई, ते नुसतं..."

"ऐक. त्यांचं ते करतील, माझं मी करीन. जोडी तुझ्या गिटारला लावू. वाजली तर ते इथेच राहतील आणि तू पुन्हा ते घर तोंडातून काढायचं नाहीस. नाही वाजली तर..." तिने कपबशी खाली ठेवली. "नाही वाजली तर तू म्हणशील तसं."

लेकीने उरलेला चहा संपवला. "रविवारी येते," म्हणाली. "पण मग शब्द फिरवायचा नाही."

भोवऱ्याला काम करताना कोणी बघितलेलं चालायचं नाही आता. कोणी दारात उभं राहिलं की तो पाय काढून घ्यायचा आणि भिंतीकडे बघत बसायचा. म्हणून वहिनीने पडदा ओढून दिला आणि आतल्या खोलीत आपलं पांढऱ्या पट्टीचं वेटोळं हाताने फिरवायच्या रहाटावर गुंडाळलं, तिच्या नेहमीच्या उलट्या वळणाने. पडद्याआडून आम्हाला फक्त ऐकू यायचं. खडखड, खडखड, मग थांबणं. तार तुटली की "हां!" असं ओरडणं. पुन्हा खडखड. एका हाताने चाकाला गती द्यायची आणि तोच हात पटकन तारेकडे आणायचा, नाहीतर तार सैल पडते. मी भिंतीपलीकडे खुर्ची विणता विणता त्याच्या थांबण्यांबरोबर श्वास धरून बसायचो. तेवढ्यात माझ्या हातून एक बैठक अशी काही घट्ट विणली गेली की तिच्यावर बसलेला माणूस छताला लागला असता.

शनिवारी पडद्याखालून वेटोळं सरकत बाहेर आलं. पृष्ठभाग खडबडीत, एका कडेला फुगलेला, पण तार सलग होती. वर काळी पट्टी, वाकडी चिकटवलेली. वहिनीने ते दोन्ही हातांत घेतलं.

मग एक नवाच त्रास सुरू झाला.

भोवरा डाव्या हाताचं मधलं बोट पहिल्या बोटावर चढवायला लागला. घट्ट, पीळ दिल्यासारखं. तो हात तिच्या डोळ्यांपुढे धरायचा. तिने बोटं सरळ केली की पुन्हा चढवायचा.

"भाऊजी, इकडे या हो," तिने भिंतीवर थापा मारल्या. मी गेलो तर ती तेलाची वाटी घेऊन बसलेली, चेहरा पांढरा. "हा हातही वाकडा व्हायला लागला. बघा ना, बोटं आखडतायत. एवढं काम करायला नको होतं. मीच करायला लावलं."

ती एकेक बोट चोळून सरळ करत होती. तो ओढून घेत होता, पुन्हा बोटावर बोट. "हां! हां!" कपाळावरची शीर फुगलेली.

"दुखतंय का हो? दुखतंय?"

"हां!"

ती जास्तच जोराने चोळू लागली. मी हात धरून ठेवायला मदत केली. मदतीचाच माणूस मी.

रविवारी लेक आली. भर दुपार, रस्त्यावर कोणी तरी बादलीने पायऱ्या धूत होतं. वहिनीने चुंबक बसवले, एकाचं तोंड वर, दुसऱ्याचं खाली, दोनदा तपासून. डाख दिला, काळ्याचं वरचं टोक पांढऱ्याच्या पोटातल्या टोकाला, डोळे मिटूनही दिला असता. जोडी गिटारमध्ये बसवली. भोवरा खुर्चीत बसून हात हलवत होता, बोटं चढवलेली, लेकीने ते बघितलं आणि आईला हळूच विचारलं, "हे कधीपासून?"

"काल."

 लेकीने गिटार खांद्याला लावली आणि अॅम्पचं बटण फिरवलं.

घूंऽऽ.

अशी घूंघूं मी त्या घरात कधी ऐकली नव्हती. एकट्या वेटोळ्याची असते त्याच्या दुप्पट. कपाटाची काच थरथरली. लेकीने तारा छेडल्या. त्या घोंगावण्याच्या आत कुठे तरी, पत्र्याच्या डब्यात माशी कोंडावी तशी, किरकिर झाली. बस्स. तिने सगळ्या ताकदीने हात मारला. किरकिर. गाणं मेलेलं आणि गोंगाट दुप्पट.

वहिनीने मीटर लावून बघितला. तार तुटलेली नव्हती. चुंबक बरोबर होते. डाख पक्का होता. "आत वेढे एकमेकांना चिकटले असतील," ती पुटपुटली. "ताण एकसारखा राहिला नसेल. एका हाताने कसा राहणार?"

लेकीने बटण बंद केलं. बादलीचा आवाज पुन्हा ऐकू यायला लागला.

"आई."

"कळलं मला."

"मी रागावून नाही म्हणत..."

"कळलं म्हटलं ना. सांग उद्या त्यांना. येतो म्हणून सांग." ती भोवऱ्याकडे न बघता तेलाची वाटी घेऊन त्याच्या पायाशी बसली. "हात द्या. निदान हा तरी सरळ राहू दे."

भोवऱ्याने वाटीला फटका मारला. वाटी भिंतीवर जाऊन आदळली, तेल फरशीभर. लेक दचकून मागे सरली. त्याने खुर्चीचा उंच हात धरून स्वतःला पुढे रेटलं, इतकं की मला वाटलं आता हा तोंडावर पडतो. मी धरायला गेलो तर माझ्या पोटात कोपर मारलं. म्हातारपणात असं कोपर खाल्लं नव्हतं. त्याने डावा हात आडवा नेला, मशीनचं चाक पकडलं आणि स्वतःकडे ओढलं. पायडल खडखडलं. पुन्हा ओढलं. मग वहिनीच्या नाकासमोर बोटं धरली, एकावर एक चढवलेली.

"हां," तो म्हणाला. अगदी हळू. आपण अडाण्याला समजावून सांगतो तसं.

वहिनी चाकाकडे बघत राहिली. ते अजून फिरत होतं. उलटं. तिच्यासारखं.

"अगं बाई," ती म्हणाली. "यांनी डाव्या हाताने चाक ओढलंय. माझ्यासारखं. दोन्ही वेटोळी उलटीच झालीत."

"म्हणजे?" लेकीने विचारलं.

"म्हणजे टोकं बदलायला हवी होती. काळ्याची दोन्ही टोकं. याचं तिकडे, त्याचं इकडे." तिने स्वतःच्या बोटावर बोट चढवून बघितलं. "हेच सांगत होते. कालपासून हेच सांगत होते, आणि मी तेल चोळत बसले."

वहिनीने सोल्डरगन तापवली.  लेकीने तिचं मनगट आधाराला धरलं. काळ्याची दोन टोकं सुटली आणि जागा बदलून पुन्हा बसली. एवढंच. दोन ठिपके. लेकीने बटण फिरवलं.

काहीच नाही. आम्हाला वाटलं, अॅम्प बिघडला. मग तिने एक तार छेडली.

कसं सांगू? मी थापाड्या माणूस, इथे मला थाप सुचत नाही. आवाज भरलेला होता, किंचित खडबडीत, त्या फुगलेल्या कडेसारखा, आणि त्याच्या मागे काही म्हणजे काही नव्हतं. फ्रिज नाही, पंखा नाही, ट्यूबलाइट नाही. तार थांबली की खोली थांबायची.

"बाबा!" लेक हसत होती, रडत होती. "मी त्यांना नाही म्हणून कळवते. आत्ता कळवते. बाबा, तुम्हाला सगळं कळत होतं? पहिल्यापासून?"

"हां," भोवरा म्हणाला.

लेकीचं हसू आधी थांबलं. ती चहा पिताना काय बोलली होती ते तिला आठवलं असणार. गिटार मांडीवर घेऊन ती खाली बसली आणि तारांवर तळहात ठेवला, म्हणजे त्या वाजू नयेत.

वहिनी उभीच होती, सोल्डरगन हातात. तिचा चेहरा मी बघितला आणि लगेच नजर काढून घेतली. ती दुपार मलाही आठवली. ती भिंतीला टेकलेली, खिडकीकडे बघत बोललेली, आणि मागून खुर्चीतून आलेला तो शब्द. आम्ही तो नेहमीचा समजलो होतो.

"अहो," ती म्हणाली. "त्या दिवशी... मी ते म्हटलं तेव्हा तुम्ही हां म्हणालात."

 एकच शब्द होता भोवऱ्याकडे, तोही त्याने वापरला नाही.  त्याने डावा हात तिच्यापुढे धरला. या वेळी बोटं सरळ होती, पाचही, एकमेकांपासून दूर.

तेल तर सगळं फरशीवर सांडलेलं. वहिनीने सोल्डरगन खाली ठेवली, कमरेवर हात दाबत वाकली, आणि फरशीवरचंच तेल तळहाताने निपटून घ्यायला लागली.